येण्याचे कारण

आमचे घरमालक कुठल्याही वस्तूशी ओळख करून घेत ती बोटांच्या सांध्यांनी. दार असो, टेबल असो, पाहुण्याची पेटी असो, दोनदा ठोकायचं, कान जरा तिरका करायचा आणि लाकडाची जात सांगायची. "साग." "बिजा." "आंबा, तोही ओला कापलेला." मी त्यांच्याकडे राहायला गेलो त्या दिवशी माझं पुस्तकांचं कपाट हमालांनी जिन्यावरून वर आणलं. त्यावर त्यांनी दोनदा ठोकलं आणि हात पँटला पुसला.

"प्लाय," ते म्हणाले. "सर, तुम्ही शिकलेले मानूस. प्लायमंधी पुस्तकं ठेवता?"

कपाट नवीन होतं आणि मला त्याचा थोडा अभिमान होता. तो त्या दिवशी गेला.

लकडगंजात त्यांचं यार्ड होतं. 'त्यांचं' म्हणायची पद्धत होती. खरं तर ते त्यांच्या सासऱ्यांचं, आणि सासरे गेल्यावर मुलीचं, म्हणजे घरमालकीण काकूंचं. खाली आरा मशीन, जी मी गेलो तेव्हा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मधे मोठं अंगण, अंगणात एक म्हातारा कडुनिंब. वरच्या मजल्यावर सहा खोल्यांचा लॉज आणि गच्चीवर सातवी खोली, तिच्यात मी. मी एका कॉलेजात मराठी शिकवत असे. माझं अक्षर बरं आहे हे त्यांना पहिल्याच भाडेपावतीवरच्या सहीवरून कळलं आणि तिथून मी त्यांच्या पाट्या लिहिणारा झालो. सहा वर्षांत मी त्यांच्यासाठी किती पाट्या लिहिल्या याची मोजदाद नाही. त्यातली एकही चार महिन्यांहून जास्त टिकली नाही.

कारण त्यांना हॉटेलांचं वेड होतं. आपल्या हॉटेलाचं नव्हे, जगातल्या. वनखात्याच्या लाकडाच्या लिलावांचे जुने जाड कॅटलॉग त्यांच्याकडे पडून होते. त्यांच्या पानांवर ते चित्रं चिकटवत. आधी वर्तमानपत्रांतली कात्रणं, पुढे फोनवर बघितलेल्या व्हिडिओंचे झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेले रंगीत प्रिंट. बर्फाचं हॉटेल, जे दर उन्हाळ्यात वितळतं आणि दर हिवाळ्यात पुन्हा बांधतात. मिठाचं हॉटेल, जिथे पाहुण्यांना भिंती चाटू नका म्हणून सांगावं लागतं. समुद्राखालचं हॉटेल, जिथे आपण पैसे भरतो आणि मासे आपल्याला फुकट बघतात. बंद पडलेल्या विमानातलं, बंदरावरच्या क्रेनमधलं, सांडपाण्याच्या सिमेंटी नळ्यांमधलं, कुत्र्याच्या आकाराचं. जुन्या तुरुंगातलं, जिथे पूर्वी लोक बाहेर पडायला धडपडत आणि आता आत शिरायला. या पुस्तकाला ते 'चोपडी' म्हणत. संध्याकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर येत, चोपडी माझ्या मांडीवर ठेवत आणि पान उलटायचं काम मात्र स्वतःकडे ठेवत.

ते स्वतः कधी हॉटेलात झोपलेले नव्हते. लिलावांसाठी आयुष्यभर बल्लारशा, आलापल्लीकडे जाणं झालं, तिथे ते डेपोच्या ओसरीत किंवा ट्रकमध्ये झोपत. मी एकदा विचारलं, "काका, यातलं एखादं तरी बघून यावंसं वाटत नाही?"

"काहून? मले सगळं मालूम हाय," ते म्हणाले. "गेलो अन् तसं नसलं तं?"

हे मला पटलं. प्रवासाविरुद्ध याहून चांगला युक्तिवाद मी ऐकलेला नाही.

त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते प्रत्येक नव्या खोलीच्या उद्घाटनाला सांगत. "मानूस हाटेलात झोपाले येत नाही, सर. झोपाले घर हाय न त्याचं. मानूस हाटेलात येते ते घरी जाऊन सांगाले. त्याले सांगाले काही देलं का झालं तुमचं हाटेल."

काकूंचा यावर विश्वास नव्हता. त्या खालच्या ओसरीत बसून सगळं ऐकत असत, आणि त्यांना हे सगळं एका शब्दात सांगता येई. तो शब्द 'खूळ'. प्रत्येक नव्या खोलीत पहिली झोप काकूंनी घ्यावी असा त्यांच्या नवऱ्याचा आग्रह असे. काकू जात, दहा मिनिटं पडत, उठून येत आणि म्हणत, "झाली झोप. आता जेवाले या."

गोष्ट आहे ती एका होळीपासून पुढच्या होळीपर्यंतची. काकूंचा धाकटा भाऊ प्लायवूडच्या धंद्यात होता आणि त्याला गोदामासाठी जागा हवी होती. अंगण, शेड, आरा मशीनची जागा, सगळं मिळून त्याला नेमकं पुरत होतं. कडुनिंब आड येत होता, पण झाडाचं काय, तोडता येतं. होळीच्या दिवशी दुपारी काकू अंगणात होळीत टाकायच्या शेणाच्या चाकोल्या सुतळीत ओवत बसल्या होत्या. मी वरून पुरणपोळी संपवून हात धुवायला खाली आलो, तेव्हा विषय निघालेला होता.

"प्लाय?" काका म्हणत होते. "तुया बापाच्या यार्डात प्लाय? अवं, प्लाय म्हणजे लाकूड नसते वं. लाकडाचे पापड असते ते. डिंकानं चिकटवेल."

"पापड तं पापड. पापड इकला तरी जाते. तुमच्या खोल्याईत येते कोण? एकदा येते, फोटो काढते, चालला जाते. परत आला का कोणी आजलोक?"

काका कडुनिंबाकडे बघायला लागले.

"नाही न आला? मग आयका. पुढल्या होळीलोक एक मानूस परत आला, एकच, आपल्या मनानं, अन् तुमच्या खुळाच्या खोलीतच झोपाले आला, तं यार्ड तुमचं. मी भावाले नाही म्हणून सांगतो. नाही आला, तं धुळवड झाली का दुसऱ्या दिवशी त्याची गाडी येईन."

"एकच?"

"एकच. अन् सरांचे दोस्त चालणार नाहीत."

मी हात धूत होतो. तोवर ती कल्पना माझ्या डोक्यात आलेली नव्हती. त्यानंतर मात्र वर्षभर गेली नाही.

एकच माणूस, हे काकांना इतकं सोपं वाटलं की त्यांनी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला ते तितकं सोपं वाटलं नव्हतं. अजब गोष्टीचा स्वभावच असा की ती एकदाच बघायची असते. घरी जाऊन सांगण्यासाठी जो आला, तो सांगून मोकळा झाला की त्याचं काम संपलं. म्हणजे काकूंनी अट घातली होती ती नेमकी सिद्धांताच्या मुळावर. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही पाटी लिहा."

पहिली पाटी 'हिमकक्ष'. मे महिना, नागपूरचा. दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नव्हतं. काकांनी तीन नंबरच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचे दोन कूलर बसवले, भिंतींना पांढरा चुना दिला आणि बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून भिंतीलगत रचल्या. लाद्यांवर पलंग. कल्पना वाईट नव्हती. पण तो कारखाना मासळी बाजाराला बर्फ पुरवायचा, आणि लाद्या आणायचा ठेलाही तोच होता. खोली थंड झाली खरी, पण तिला रोहूचा वास यायला लागला. पहिला पाहुणा औषध कंपनीचा फिरता विक्रेता. त्यानं आत शिरताच फोन काढून सगळ्या बाजूंनी चित्रण केलं, 'वाव' म्हणाला, आणि अर्ध्या तासात शिंकत बाहेर आला. तोवर जिन्यात मांजरी जमल्या होत्या.

"वास कशाचा येऊन राहिला, काका?" त्यानं विचारलं.

"समुद्राचा," काका म्हणाले. नंतर मला गच्चीवर म्हणाले, "पाहा सर, बर्फाचं अन् समुद्राखालचं, दोन्ही एकाच खोलीत झालं. जगात नसन."

नसेलच. विक्रेत्याचं ते चित्रण पुष्कळ लोकांनी पाहिलं म्हणे. तो स्वतः पुन्हा आला नाही.

पावसाळ्यात 'कारागृह' झालं. पाच नंबरच्या दाराला गज, आत घोंगडी, अल्युमिनियमची थाळी, आणि पाहुण्याला आत घालून बाहेरून कडी. त्यात आला सावनेरचा एक गृहस्थ, कोर्टाच्या तारखेसाठी. काकांनी गज दाखवून कौतुकानं माहिती सांगायला सुरुवात केली, की परदेशात लोक याच्यासाठी सहा-सहा महिने आधी नाव नोंदवतात. गृहस्थानं शांतपणे ऐकून घेतलं.

"शेठ," तो म्हणाला, "माया साळा आतमंधी हाय. त्याच्याच तारखेले आलो. त्याले सांगतो तुमचा पत्ता. तिथं नाव पयलेच नोंदवेल हाय त्याचं."

दोन नंबरच्या खोलीत आरा मशीनच्या जुन्या मांडण्यांवर एकावर एक अशा चार झोपायच्या कप्प्यांची सोय केली होती. त्यात उमरेडहून लग्नाची खरेदी करायला आलेली चार माणसं झोपली. सकाळी त्यातले आजोबा काकूंना म्हणाले, "बाई, चांगलं हाय. पण मेडिकलच्या मुर्दाघरामंधी असेच खण असतेत. तिथं निदान नंतर ठेवते." ही पाटी मी रंग वाळायच्या आतच पुसली.

मग त्यांनी कुठंतरी वाचलं की मोठ्या हॉटेलांत पाहुण्याला उशांची यादी देतात, हवी ती निवडा. त्यावरून त्यांनी पलंगांची यादी केली. साग, बिजा, ऐन, हळदू, शिवण. ही एकच गोष्ट त्यांना खरोखर येत होती. पाचही पलंग त्यांनी जुन्या लाकडाचे स्वतः उभे राहून करवून घेतले, आणि ते सुंदर होते. पण त्यावर गादी टाकल्यावर माणसाला काय कळणार? सकाळी पाहुणा दात घासायला बाहेर आला, की काका ब्रशच्या अंतरावर उभे. "पाठीले काय वाटलं? ऐन वाटला का?" तोंडात फेस असलेला माणूस मान हलवायचा. ती मान कुठल्या दिशेनं हलली यावर काका दिवसभर विचार करत.

दिवाळी झाली. परत कोणी आलेलं नव्हतं. काका आता चोपडी घेऊन वर येत ते जरा उशिरा, आणि पानं जरा भरभर उलटत. ठोकायची सवय वाढली होती. बोलता बोलता माझ्या टेबलावर, कठड्यावर, एकदा तर माझ्या गुडघ्यावर ठोकून झालं. जात सांगितली नाही.

मग चोपडीच्या एका पानावर त्यांना झाडावरचं हॉटेल सापडलं. कुठल्याशा थंड देशातलं जंगल, उंच झाडांवर खोल्या. कोणती आरशांची, कोणती पाखराच्या घरट्यासारखी. पाहुणे दोराच्या शिडीनं वर जातात आणि सकाळची न्याहारी टोपलीतून ओढून घेतात. "झाड तं आपल्याकडं हाय," काका म्हणाले. ही पहिलीच कल्पना होती जिच्यासाठी काहीही विकत आणावं लागलं नाही. शेडमध्ये पडलेल्या जुन्या बल्ल्या, बांबू, तडकलेल्या फळ्या, सुतळी. कडुनिंबाच्या तीन फांद्यांमध्ये त्यांनी चौरस माळा बांधून घेतला, वर पऱ्हाटीचं, कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, छप्पर, खाली शिडी. पाटी मी लिहिली, 'वृक्षनिवास'. खाली लहान अक्षरांत 'जागतिक दर्जाचा अनुभव' हे त्यांनी लिहायला लावलं.

त्याच आठवड्यात काटोलचा एक संत्रावाला आला. साठीपुढचा, उंच, कानात बाळी, बोलायला मोकळा. आंबिया बहाराचा माल घेऊन पोराबरोबर कळमन्याच्या बाजारात आला होता. पोरगा गाडी घेऊन परत गेला आणि म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे काम होतं, म्हणून राहिला. काकांनी त्याला झाडाखाली नेऊन उभं केलं. मला बोलावून घेतलं, कारण पाटी वाचून दाखवायला माझा आवाज चांगला असं त्यांचं मत. मग त्यांनी चोपडी उघडून थंड देशातलं जंगल दाखवलं आणि वर बोट केलं.

म्हाताऱ्यानं चित्र बघितलं, वर बघितलं, पुन्हा चित्र बघितलं.

"हे तं मचान हाय गा," तो म्हणाला.

"मचान नाही. वृक्षनिवास."

"आमच्या बगीच्यात होतं न. बंदरं अन् चोर राखाले. तीस साल झोपलो मी त्याच्यावर. हे काय बावा नवीन?" आणि एवढं बोलून तो शिडी न हलवता, हाताचा आधार न घेता, सरसर वर चढला. जेवायची वेळ झाली तरी खाली आला नाही. काकू झाडाखाली जाऊन हाका मारून आल्या. वरून फक्त घोरणं ऐकू येत होतं.

सकाळी तो गेला. काका त्याला पाठीचं विचारायला आलेच नाहीत. ते आरा मशीनच्या ओट्यावर बसून होते. मी कॉलेजला निघालो तेव्हा म्हणाले, "मचान म्हणते."

"मग?"

"मग काय? मचान पाहाले कोण येईन? मचान तं सगळ्यायकडं हाय. घरी जाऊन काय सांगन तो, का मी नागपूरले जाऊन मचानावर झोपलो?"

पाटी त्यांनी स्वतः उतरवली. नंतर कोणाला ती जागा त्यांनी दाखवली नाही. मचाण तसंच झाडावर राहिलं, कावळे बसायला. काका चोपडीत नवीन काही शोधत राहिले, पण हिवाळा संपत आला होता आणि हाताशी ना पैसा ना खोली उरली होती. मधे मी एकदा हळूच सुचवलं, की सरांचे दोस्त चालत नसतील, पण दोस्तांचे दोस्त? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी कपाट उगाच पुन्हा लावायला घेतलं. माणूस कितीही खुळा असो, ते खूळ त्याचं खरं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

होळीचा दिवस उजाडला. काकांच्या मेहुण्यानं माणूस पाठवून मला निरोप दिला होता, की पाटी तयार ठेवा. पाटीची फळी त्यानंच पाठवली होती, अर्थात प्लायची. 'प्लायवूड, लॅमिनेट व फ्लश डोअर'. मी अंगणात बसून अक्षरं आखत होतो. मला हे काम नको होतं, पण माझं अक्षर बरं आहे हे त्या घरात आता सगळ्यांना माहीत झालं होतं.

त्या यार्डाची सासऱ्यांच्या काळापासूनची रीत होती, की चौकातल्या होळीला लाकूड जायचं ते तिथूनच. मोहल्ल्यातली चार माणसं सकाळीच ठेला घेऊन आली. दर वर्षी काका शेडमधले तुकडे, सालपटं देत. त्या सकाळी त्यांनी झाडाकडे बोट केलं.

"ते न्या."

"मचान?" एकानं विचारलं.

"मचानच. पुरं न्या. छपरासहित."

काकू ओसरीत चाकोल्या ओवत होत्या. त्यांनी हात थांबवला, मग पुढची चाकोली ओवली. मंडळींनी अर्ध्या तासात मचाण उतरवलं. बल्ल्या, बांबू, फळ्या, पऱ्हाटी, सगळं ठेल्यावर चढलं आणि चौकात एरंडाभोवती रचलं गेलं. काका फाटकाशी उभं राहून बघत होते. मग आत येऊन माझ्या शेजारी बसले. पाटीवर दोनदा ठोकलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी हात पुसला नाही.

"अक्षर चांगलं येऊन राहिलं, सर," ते म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमारास फाटक वाजलं. काटोलचा म्हातारा. एका हातात पिशवी, काखेत गुंडाळलेली वाकळ. दात नवे होते, त्यामुळे मी क्षणभर ओळखलं नाही.

"राम राम," तो म्हणाला. "जागा हाय न?"

ओसरीतल्या टेबलावर लॉजचं रजिस्टर असे. पाहुण्यानं स्वतः लिहायचं. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचे कारण. म्हातारा सरळ तिथे गेला, चष्मा लावला आणि लिहायला बसला. काका उठून उभे राहिले होते, पण त्यांना पुढे होता येईना. काकूच बोलल्या.

"कोणी पाठवलं तुमाले?"

"पाठवते कोण? मोटारनं आलो."

"माल आनला का?"

"मृगाचं संत्रं या साली नाहीच, बाई."

"दात?"

"दात बसले." त्यानं ते दाखवलेही.

"मग सनाच्या दिवशी घर सोडून काहून आले?"

म्हाताऱ्यानं लिहिणं थांबवलं. "आता काय सांगू, वैनी. पोरानं बगीच्यात स्लॅबचं घर बांधलं. मचान पाडलं, म्हणे कॅमेरे लावले, आता चोराले पाहाची गरज नाही. मले खोली देली, एसी देला. चांगला हाय पोरगा. पण तवापासून मले झोप नाही. रातभर मी त्या एसीकडं पाहतो अन् तो मायाकडं. दोन सालात एकच रात झोपलो, ती तुमच्या इथं." मग तो काकांकडे वळला. "गरमी सुरू झाली, म्हटलं आता जाच. मचान कुठी गेलं गा?"

त्यानं वर बघितलं तेव्हा कडुनिंबाच्या तीन फांद्या मोकळ्या होत्या. काकांचा हात आपोआप खोडावर गेला आणि त्यांनी दोनदा ठोकलं.  एका वर्षात एक माणूस परत आला होता, आपल्या मनानं, आणि ज्या खोलीसाठी आला होता ती सहा तासांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं जाळायला दिली होती.

"होळीवर हाय," काकू म्हणाल्या.

काका फाटकाकडे निघाले. चालत नव्हे, जवळजवळ पळत. चौक शंभर पावलांवर. होळी संध्याकाळी पेटायची होती, लाकूड अजून लाकूडच होतं.

"थांबा," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "होळीवर चढलेलं लाकूड उतरवत नसतेत."

ही रीत सगळ्यांना माहीत आहे. होळीवर गेलेलं, मग ते चोरून नेलेलं का असेना, परत मागायचं नाही. मला वाटलं काका ऐकणार नाहीत. बर्फाची खोली करणारा, माणसाला कडी घालून झोपवणारा, जगात नसलेलं सगळं करून बघणारा माणूस. पण ते फाटकाला हात लावून थांबले.  मग परत आले.

"राहू द्या न भाऊ," म्हातारा म्हणाला. "दुसरी खोली द्या."

"दुसरी खोली चालणार नाही," काका म्हणाले. त्याला अट माहीत नव्हती, म्हणून तो जरा चमकला.

"बल्ल्या हायेत का मग? सुतळी हाय? दोन घंट्याचं काम हाय ते."

शेडमध्ये काही उरलं नव्हतं. जे होतं ते सकाळी ठेल्यावर गेलं. म्हणजे, एक सोडून. शेडच्या मागे कुलूप घातलेली एक खोली होती. तिच्यात काकूंच्या वडिलांनी शेवटच्या लिलावात घेतलेला साग होता. तो त्यांनी विकला नव्हता, काकूंनीही नाही. काकांना त्या खोलीची किल्ली लग्नापासून कधी मिळालेली नव्हती. काकू उठल्या, चाकोल्यांची माळ खुंटीला लावली, आत गेल्या आणि किल्ली आणून टेबलावर ठेवली. काकांच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली.

"खिळा मारू नका त्याले," एवढंच म्हणाल्या. "बांधा."

काकांनी आत जाऊन पहिल्या बल्लीवर ठोकलं. मी दारात होतो. त्यांनी कान तिरका केला, बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "साग." ते सांगायची गरज नव्हती.

म्हातारा वर चढला आणि तिथून सांगत गेला, काका आणि मी खालून देत गेलो. मराठीचा प्राध्यापक म्हणून माझी पंधरा वर्षांची नोकरी झाली होती, पण त्या दुपारी मला जितक्या वेळा 'येडे हो' ऐकावं लागलं तितक्या वेळा कधी लागलं नव्हतं. "तिकडून नाही, सर, तिकडून नाही. गाठ अशी असते का? ही तं चपलेची गाठ झाली." चौकात ढोलकी सुरू झाली तेव्हा शेवटची फळी बसली. छप्पर नव्हतं. म्हातारा म्हणाला, बरंच झालं.

काकांना मग सवयीनं आठवण झाली. ते माझ्याकडे वळले. "सर, पाटी?" मी ब्रश उचलला.

वरून आवाज आला, "पाटी लावसान तं मले झोप नाही येणार. पाटीखाली मानूस नाही झोपत, मुडदा झोपते."

काकांनी जरा विचार केला आणि ब्रश माझ्या हातातून काढून पाण्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी धुळवड. गल्लीत पोट्ट्यांचा गोंगाट, पिचकाऱ्या, ढोलकी. म्हातारा खाली आला तेव्हा साडेआठ वाजले होते. ओसरीत चहा घ्यायला बसला. काका त्याच्यासमोर उभे. आणि सवय ती सवय.

"पाठीले काय वाटलं? साग होता तो. चाळीस सालाचा."

म्हाताऱ्यानं बशीतला चहा फुंकला. "मले काय मालूम? मी झोपून होतो."

काकांनी बाजूचं स्टूल ओढलं आणि बसले. माझ्या अंदाजानं, त्यांच्या सिद्धांतावरच्या टीकांपैकी त्यांना समजलेली ही पहिली.

काकूंनी रजिस्टर ओढून घेतलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि आदल्या दिवशीची ओळ बोट लावून वाचली. नाव, गाव, कुठून, कुठे. शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं. त्या लॉजमध्ये येणारा प्रत्येक माणूस त्या रकान्यात 'कामानिमित्त' लिहीत असे. विक्रेता, साळ्याची तारीख, लग्नाची खरेदी, सगळे कामानिमित्त. आंबियाच्या वेळी म्हाताऱ्यानंही तेच लिहिलं होतं. काकूंनी रजिस्टर फिरवून नवऱ्यासमोर ठेवलं. मीही वाकून बघितलं. अक्षर मोठं, शाळेतलं, काना नीट ओढलेला.

येण्याचे कारण : झोप.

काकूंनी फोन उचलला आणि भावाला सांगितलं, गाडी आणू नको.

मी पुढे बदली होऊन तिथून गेलो. अधूनमधून लकडगंजात जाणं होतं. लॉज चालतो, म्हणजे जेवढा चालत होता तेवढाच. चोपडी आहे. परवा काकांनी मला एक नवं पान दाखवलं. डोंगरावर, उघड्या कुरणात नुसता पलंग. ना भिंत, ना छप्पर, आणि त्याला हॉटेल म्हणतात. मी वाट बघत होतो, की आता काय काय आणायचं त्याची यादी सुरू होईल.

"हे काय नवीन?" काका म्हणाले आणि पान उलटलं.

मचाणावर पाटी नाही. मी अर्धवट लिहिलेली ती प्लायची पाटी शिडीच्या पायथ्याशी पायरी म्हणून टाकली आहे, अक्षरं खाली. पहिल्या पावसात फुगेल असं काका मोठ्या आशेनं सांगत होते, पण तीन पावसाळे झाले, फुगलेली नाही. तिच्यावर पाय ठेवून चढणारा माणूस अजून तोच एक, वर्षातून दोन-तीनदा. मी रजिस्टर चाळून बघितलं. कारण बदललेलं नाही.